अपघाताआधीचे मोजमाप

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. त्याच जालन्याची दुसरी ओळख पोलादाची. भंगार वितळवून येथे बांधकामाच्या सळया घडवल्या जातात. ऑगस्ट 2024 मध्ये तेथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला आणि वीसहून अधिक कामगार जखमी झाले.

पोलादाचा रस सुमारे 1,600 अंश सेल्सिअस तापलेला असतो. ओले भंगार किंवा पाणी राहिलेला बंद डबा त्यात पडला, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होते. तिला मूळ पाण्याच्या हजारपटींहून अधिक जागा लागते आणि रस बाहेर उसळतो. म्हणजे सुरक्षेची सुरुवात भट्टीपाशी नव्हे, भंगार निवडणाऱ्याच्या हातात होते. संशय येताच काम थांबवण्याची त्याला मुभा आहे, की उशीर केला म्हणून बोलणी खावी लागतात?

हे संख्येत मांडता येते, असे इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ डोव्ह झोहर यांनी 1980 साली दाखवले. त्यांनी 20 कारखान्यांतील कामगारांपुढे 40 विधानांची प्रश्नावली ठेवली. व्यवस्थापनाला सुरक्षेची कितपत कळकळ आहे, याविषयी कामगारांची धारणा त्यात विशेष महत्त्वाची ठरली. उत्तर युरोपातील देशांनी 2011 च्या सुमारास अशीच 50 विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. तिचे विभाग सात. अपघातांची नोंदवही हा सरलेल्या वर्षाचा ताळेबंद होय. कर्ज थकण्यापूर्वीची लक्षणे त्यात दिसत नाहीत. शिवाय कोऱ्या नोंदवहीमागे दक्षता असेल, नशीब असेल किंवा दडपलेली माहितीही असेल.

सरासरीवर मात्र विसंबू नये. अधिकाऱ्यांचे गुण उंच आणि भट्टीवरच्या पाळीचे खाली असतील, तर दोहोंची सरासरी समाधानकारक दिसूनही धोका कायम राहतो. एकाच पाळीतील उत्तरांत मेळ नसेल, तर तेथे नियम माणसागणिक बदलतो असे समजावे. प्रश्नावली निनावी हवी, परप्रांतीय कामगारासाठी हिंदीत हवी, ठेकेदाराच्या माणसांपर्यंत पोहोचायला हवी. आणि मुकादमाने ती मुळीच गोळा करू नये.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियमात 1987 साली दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती तिने आवश्यक ठरवली. अशा समितीची इतिवृत्ते चाळताना कामगार प्रतिनिधींनी काय हरकत घेतली आणि पुढच्या बैठकीपर्यंत तिचे काय झाले, एवढे दोन रकाने आधी पाहावेत.