समुद्रकाठची देवळं आणि मावळतीची वेळ

आजचा विषय वाचून काहींनी आल्या आल्या विचारलं, की हे सहलीबद्दलचं व्याख्यान आहे की धर्माबद्दलचं? खरं सांगायचं तर दोन्हींबद्दलचं. कारण आम्ही गेलो होतो सहलीला, आणि अडकलो ते धर्माच्या प्रश्नात.

झालं असं. आम्ही दोघं बालीला गेलो होतो. बाली म्हणजे इंडोनेशियातलं एक बेट. देश मुस्लिमबहुल, पण या बेटावर बहुसंख्य लोक हिंदू. एका संध्याकाळपुरती आम्ही गाडी आणि एक स्थानिक गाइड ठरवला आणि ताना लोत या देवळाशी गेलो. समुद्रातल्या एका कातळावर हे देऊळ आहे. ओहोटी होती, पाणी मागे गेलं होतं, ओल्या खडकांवरून चालत आम्ही पायऱ्यांपाशी पोचलो. तिथे पांढऱ्या वेशातल्या एका माणसाने हात आडवा केला. आम्ही म्हटलं, आम्ही हिंदू आहोत, भारतातून आलोय. त्याने हात जोडले, छान हसला, आणि जागचा हलला नाही.

आता आपल्या माणसाला देवळाच्या दारात अडवलं की कसं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही जरा चिडूनच गाइडकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "पाक, इबू, आज देवाकडे काय काम घेऊन आलात?" पाक आणि इबू म्हणजे वडीलधाऱ्यांना हाक मारायची त्यांची पद्धत, बाबा आणि आई म्हणतात तसं. त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सूर्यास्त बघायला आलो होतो.

तेव्हा आज आपण हेच बघू, की आम्हाला का अडवलं. त्यासाठी आधी चार गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट वेळेची. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 8 अंशांवर आहे. त्यामुळे दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही, सूर्यास्त साधारण 6 ते पावणेसातच्या दरम्यान होतो. आणि सूर्य तिरपा न उतरता जवळजवळ सरळ खाली जातो, म्हणून संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. फोटो काढत बसलात तर परतीच्या पायऱ्या अंधारात उतराव्या लागतात.

दुसरं, भरती-ओहोटी. ताना लोतच्या पायथ्याशी चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. भरतीला मधला पट्टा पाण्याखाली जातो आणि देऊळ खरोखरच बेट होतं. ज्यांनी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केली आहे त्यांना हे गणित ठाऊक आहे. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ओहोटी आणि सूर्यास्त यांची गाठ रोज पडत नाही. स्वतंत्र गाडी आणि गाइड घ्यायचा खरा फायदा इथे आहे. मोठ्या बसचा कार्यक्रम घड्याळावर चालतो, आपल्या गाइडला तुम्ही सांगू शकता की समुद्राचं वेळापत्रक बघून दिवस ठरव. आमच्या गाइडने तेच केलं, आम्हाला दोन दिवस थांबवून ठेवलं.

आणि एक सूचना. ताना लोत आणि उलुवातू ही दोन्ही देवळं एकाच संध्याकाळी करू नका. नकाशावर जवळ दिसतात, पण मधली वाहतूक अशी की रस्त्यात दोन तास सहज जातात. सूर्य एक, देवळं दोन. एका संध्याकाळी एकच.

तिसरी गोष्ट, देवळं समुद्राकाठीच का? बालीत दिशा सांगताना दोन शब्द सतत येतात, 'काजा' आणि 'केलोद'. काजा म्हणजे डोंगराच्या बाजूला, केलोद म्हणजे समुद्राच्या बाजूला. घर, देऊळ, स्मशान, सगळ्याची मांडणी यावर. डोंगराकडची बाजू पवित्र, समुद्राकडची त्यामानाने खालची. यावरून काही पुस्तकांत लिहिलेलं असतं की बालीचे लोक समुद्र अपवित्र मानतात. हे अर्धवट आहे. समुद्र शुद्ध करणारा आहे. वर्षातून एकदा, न्येपीच्या आधी, गावोगावचे लोक देवळातल्या पवित्र वस्तू मिरवणुकीने समुद्रावर नेतात आणि शुद्ध करून परत आणतात. या विधीला 'मेलस्ती' म्हणतात. म्हणजे समुद्र घाण घेतो आणि शुद्धी देतो, दोन्ही. अशा जागेवर देऊळ असणारच.

न्येपी म्हणजे त्यांचं नववर्ष. आणि इथे आपला थेट संबंध येतो, कारण ते नववर्ष शकाचं आहे. इसवी सन 78 पासून मोजलेला तोच शक. 2023 साली 22 मार्चला आपण गुढ्या उभारल्या, त्याच दिवशी बालीत न्येपी होता, दोन्हीकडे शक 1945 सुरू झाला. दरवर्षी तारीख जुळतेच असं नाही, अधिक महिन्याचा हिशेब वेगळा पडतो. पण साजरं करायची रीत बघा. आपल्याकडे ताशे, शोभायात्रा. तिकडे पूर्ण दिवस मौन. दिवे नाहीत, प्रवास नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा 24 तास बंद.

किनाऱ्यावरच्या देवळांचं श्रेय परंपरेने दांग ह्यांग निरार्थ या पुरोहिताकडे जातं. जावा बेटावरचं मजपहित हे हिंदू राज्य मोडल्यावर, सोळाव्या शतकात, ते बालीत आले. गेलगेलच्या राजाने त्यांना आश्रय दिला. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरताना ते जिथे राहिले तिथे देवळं झाली, असं मानतात. ताना लोतच्या कातळावर त्यांनी रात्र काढली आणि कोळ्यांना सांगितलं की इथे समुद्रदेवतेचं स्थान करा, अशी कथा आहे. 'ताना लोत' याचा अर्थच समुद्रातली जमीन. खालच्या कपारीत काळे-पांढरे समुद्रसाप असतात, ते देवळाचे राखणदार. उलुवातूला तर निरार्थांना मोक्ष मिळाला असं सांगतात. ते देऊळ त्याहून जुनं, अकराव्या शतकातल्या म्पु कुतुरन या ऋषींशी जोडलेलं. 'उलु' म्हणजे टोक, 'वातू' म्हणजे दगड. सुमारे 70 मीटर उंच कड्याच्या अगदी टोकावर आहे, तिथे उभं राहिलं की नावाचा अर्थ वेगळा विचारावा लागत नाही.

आता चौथी गोष्ट, आणि आमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची. आपण देवळात जातो म्हणजे काय करतो? दर्शन घेतो. गाभाऱ्यात मूर्ती आहे, ती आपल्याला बघते, आपण तिला बघतो, दोन मिनिटांत झालं. बालीच्या देवळात, ज्याला ते 'पुरा' म्हणतात, ही कल्पनाच नाही. तिथे एकामागून एक तीन अंगणं असतात. बाहेरचं, मधलं आणि सगळ्यात आतलं. प्रवेशाला मधोमध चिरल्यासारखा दिसणारा दरवाजा, 'चंडी बेंतार'. आत 'मेरू', म्हणजे एकावर एक छपरं, काळ्या ताडतंतूंनी शाकारलेली आणि संख्येने नेहमी विषम. आणि 'पद्मासन', म्हणजे दगडी उंच सिंहासन. त्यावर कोण बसलेलं असतं? कोणीच नाही. आसन रिकामं असतं.

देव तिथे कायमचा राहत नाही, उत्सवाला उतरतो. त्या उत्सवाला 'ओदालन' म्हणतात. त्यांच्या 210 दिवसांच्या पंचांगाप्रमाणे बहुतेक देवळांचा ओदालन येतो. ताना लोतचा येतो कुनिंगन या सणानंतरच्या बुधवारी. त्या वेळी देव पाहुणा असतो आणि गाव यजमान. फुलं, फळं, भाताचे नैवेद्य, गामेलान वाद्यं, नाच, सगळं त्या पाहुण्यासाठी. एरवी आत जाऊन बघण्यासारखं, आपल्या अर्थाने, काही नसतंच.

म्हणजे प्रश्न हिंदू असण्या-नसण्याचा नव्हता. पूजेला येणारा माणूस कमरेला वस्त्र आणि शेला बांधून, नैवेद्य घेऊन येतो, बसतो, मंत्र होतात, पुजारी तीर्थ शिंपडतो, कपाळावर ओले तांदूळ लावतात. आम्ही पाण्याची बाटली आणि फोन घेऊन गेलो होतो. तो माणूस आमचा धर्म तपासत नव्हता. आम्ही कशाला आलोय ते त्याला दिसत होतं.

आणि ही काळजी त्यांनी का घ्यावी, तेही ऐका. 1980च्या दशकात ताना लोतचा कातळ लाटांनी ढासळायला लागला होता. जपान सरकारने दिलेल्या कर्जातून दुरुस्ती झाली. आज आपण ज्याचा फोटो काढतो त्या कातळाचा सुमारे एक तृतीयांश भाग कृत्रिम आहे, दगडासारखा दिसेल असा बनवलेला. समुद्राचा मारा एकीकडून, माणसांचा दुसरीकडून. 1990च्या दशकात देवळाजवळ मोठा रिसॉर्ट आणि गोल्फचं मैदान करायचं ठरलं तेव्हा बालीत मोठी निदर्शनं झाली. 1994 साली तिथल्या हिंदूंच्या मुख्य संस्थेने धर्मनिर्णय दिला, की देवळाच्या दर्जाप्रमाणे 5 किंवा 2 किलोमीटरपर्यंतचा परिसर पवित्र मानावा. तरीही रिसॉर्ट उभा राहिलाच. तेव्हा त्या लोकांनी एवढंच हातात ठेवलं, की निदान या पायऱ्यांच्या वर फक्त पूजेला येणारा जाईल.

उलुवातूला हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिथे सूर्यास्ताच्या वेळी उघड्या रंगमंचावर केचक होतो. गोलात बसलेले पन्नास-शंभर पुरुष, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटीचं कापड, कोणतंही वाद्य नाही, नुसता 'चक चक चक' असा आवाज, आणि मध्ये रामायण. हनुमान आगीतून निघतो तेव्हा मुलंबाळं ओरडतात. अनेकांना वाटतं हा हजारो वर्षांचा विधी आहे. तसं नाही. अंगात येण्याच्या 'संघ्यांग' या विधीतला समूहस्वर घेऊन 1930च्या दशकात तो रचला गेला. वायान लिंबाक हा नर्तक आणि वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार, यांचा त्यात मोठा वाटा. म्हणजे हा पाहुण्यांसाठीच घडवलेला खेळ आहे. आम्हाला यात फसवणूक वाटली नाही. उलट शहाणपण वाटलं. पाहुण्याला दाखवायचं ते अंगणात, देवाचं ते आत.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. 14 फेब्रुवारी 2024पासून परदेशी पर्यटकाला बालीत 1,50,000 रुपियाह कर आहे, आकड्याने घाबरू नका, तो आधी ऑनलाइन भरता येतो. देवळांचं तिकीट वेगळं, केचकचं आणखी वेगळं. देवळाच्या आवारात जाताना कमरेला सारोंग आणि शेला लागतो, बहुतेक ठिकाणी दारात मिळतो. पाळी चालू असलेल्या बाईने आत जाऊ नये, असा फलक असतो. तो वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, हे काही फक्त आपल्याकडेच नाही." पटो न पटो, माहीत असावं. जमिनीवर नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं ठेवलेली दिसतील, तो 'चनांग', त्यावर पाय देऊ नका. प्रार्थनेला बसलेल्यांच्या पुढून जाऊ नका, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी चढू नका.

आणि उलुवातूला चष्मा सांभाळा. तिथली माकडं चष्मा, चप्पल, फोन पळवतात आणि खाऊ दिल्यावरच परत करतात. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की वयात आलेली माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू निवडून उचलतात आणि तिच्या बदल्यात चांगला खाऊ मिळेपर्यंत थांबतात. आपल्या बाजारात बसवली तरी चालतील.

आता शेवट. पायऱ्यांवरून परत फिरल्यावर गाइडने आम्हाला कातळाच्या पायथ्याशी नेलं. तिथे समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा झरा आहे. पुजारी बसलेले असतात, ते कोणालाही तीर्थ देतात, कपाळाला तांदूळ लावतात, कानामागे चाफ्याचं फूल खोचतात. आम्ही पाणी चाखलं, खरंच गोड होतं. दक्षिणा ठेवली. धर्म कोणीच विचारला नाही.

सहाच्या सुमारास लांबच्या ध्वनिक्षेपकातून त्रिसंध्येची प्रार्थना सुरू झाली, तिची सुरुवात गायत्री मंत्राने होते. उच्चार वेगळे, पण आम्ही नकळत ओठ हलवायला लागलो. सूर्य गेला, फोन खिशात गेले, गर्दी बसकडे पळाली. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातलं एक कुटुंब आलं. म्हाताऱ्या आजी, डोक्यावर नैवेद्याची करंडी, मागे दोन नातवंडं. पांढऱ्या वेशातला तोच माणूस बाजूला झाला आणि ती मंडळी पायऱ्या चढून वर गेली. आम्ही त्यांना वाट द्यायला ओल्या खडकावर बाजूला सरलो. गाइड म्हणाला, "यांचं काम आहे."

त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा जरूर जा, सूर्यास्त फार सुंदर असतो. फक्त तो झाल्यावर लगेच निघू नका, अर्धा तास थांबा, हातात छोटी बॅटरी ठेवा, आणि परतीच्या ओहोटीची वेळ गाइडला आधीच विचारून घ्या.

थांबतो. तिकडे बोलणं संपवताना म्हणतात तसं म्हणतो, ओम् शांति शांति शांति ओम्. प्रश्न असतील तर विचारा.