फाटकावरचं लाल फडकं

आमच्या फाटकाच्या कडीला लाल फडकं बांधलेलं दिसलं की दूधवाला हाक न मारता कॅन कट्ट्यावर ठेवून जातो. भंगारवाला गल्लीच्या तोंडाशीच आवाज खाली करतो. त्या दिवशी कुकर लागत नाही, भात उघड्या पातेल्यात शिजतो. दाराच्या घंटीची वायर जाऊबाईनं लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी काढून टाकली, ती आजतागायत तशीच चिकटपट्टीत गुंडाळून लोंबते आहे. सकाळचे अकरा, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि मधल्या खोलीत काचांना काळा कागद लावून माझे धाकटे दीर झोपलेले.

भाऊजी मालगाडी चालवतात. कागदोपत्री लोको पायलट, घरात अजून ड्रायव्हरच. भिलाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलादाचा कारखाना उभा राहतो. आमचं घर मात्र रायपूरच्या बाजूला चरोद्यात, भिलाई मार्शलिंग यार्डाजवळ. या यार्डाला इथे सगळे 'बीएमवाय' म्हणतात. हावडा-मुंबई लाइनवरचं हे मोठं ठाणं. कोरब्याचा कोळसा, दल्ली-राजहराचं लोहखनिज, कारखान्यातून निघालेले रूळ, सगळ्यांची ये-जा इथून. २०२१च्या जानेवारीत पाच रिकाम्या मालगाड्या एकमेकींना जोडून साडेतीन किलोमीटर लांबीची 'वासुकी' इथूनच कोरब्याला सोडली होती. लहान मुलांनी डबे मोजायला घेतले तर मध्येच विसरतील, तीनशेच्या आसपास.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे भाऊजींच्या ड्यूटीचा हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. नियम असा: आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी झाली तर मुख्यालयात सोळा तास विश्रांती. सोळा तास! ऐकणाऱ्याला हेवाच वाटेल. आता मांडून बघा. सकाळी नऊला साइन ऑफ, म्हणजे ड्यूटी संपली. घरी पोचून, आंघोळ आणि जेवण उरकून अंथरुणाला पाठ टेकायला अकरा. दिवसाची झोप ती, फडकं बांधा नाहीतर काही करा, तीनला डोळे उघडतातच. मग झोप येत नाही, कारण शरीराच्या घड्याळात तेव्हा दुपार असते. संध्याकाळी मुलांचा अभ्यास, भाजी, बँकेचं एखादं काम. रात्री अकराला लॉबीचा, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या कार्यालयाचा, फोन: एकला साइन ऑन. सोळा तास पूर्ण, नियम पाळला गेला. पण माणूस दुपारी तीनपासून जागा आहे आणि सकाळी दहापर्यंत गाडी त्याच्याच हातात असणार आहे. एकोणीस तास.

लॉबीत साइन ऑन करताना यंत्रात फुंकर मारावी लागते. दारू प्यायलेला असेल तर यंत्र सांगतं. विल्यमसन आणि फेयर या दोन संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं, की सतरा-एकोणीस तास जागा असलेला माणूस कितीतरी चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच किंवा त्याहून वाईट ठरतो. म्हणजे आमच्या हिशेबात सकाळी आठनंतर. पण फुंकर तर रात्री एकलाच मारून झालेली असते, आणि झोप काही फुंकरीत उतरत नाही.

हे सगळं मला नीट उमगलं ते दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. माझा मामेभाऊ आला होता. नागपूरचा पोरगा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, आणि आता मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा कोळसा घेऊन जहाज विशाखापट्टणमला लागलं, तिथेच त्याचा करार संपला, आणि गाडीत बसून तो थेट आमच्याकडे. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारा कोकिंग कोळसा बराचसा असाच परदेशातून येतो, विशाखापट्टणमला उतरतो आणि रेल्वेनं इकडे. भाऊजी म्हणाले, "म्हणजे तू आणलेला माल रायपूरच्या पुढं आम्हीच ओढतो की." तेवढ्यावर दोघांचं जमलं. गच्चीवर चकल्यांचा डबा मध्ये ठेवून दोन पुरुष रात्री साडेबारापर्यंत बोलत बसले. विषय एकच, झोप.

मामेभावाची पाळी बारा ते चार, दुपारचीही आणि रात्रीचीही. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत शिरताना काय होतं ते तो सांगत होता. मलाक्का आणि सिंगापूर मिळून वर्षाला नव्वद हजारांवर जहाजं त्या वाटेनं जातात, आणि सगळ्यांत अरुंद जागी पाणी उणंपुरं २.८ किलोमीटर. पुढे जहाज, मागे जहाज, आडवे जाणारे मच्छीमार, मध्येच एखादी दिवा नसलेली होडी. "पण ताई, दमवतं ते हे नाही," तो म्हणाला. "इथं भीतीनंच डोळे उघडे राहतात. दमवतं ते आधीचं बंदर." बंदरात माल भरताना त्याची पाळी असतेच, शिवाय तपासणीला आलेले अधिकारी, कागदपत्रं, दोरखंड सोडणं. जहाज निघतं तेव्हा माणूस आधीच रिता झालेला असतो, आणि गर्दीची वाट तिथून पुढे सुरू होते.

त्यानं शेन नेंग १चं नाव घेतलं. ३ एप्रिल २०१० रोजी ग्लॅडस्टनहून कोळसा भरून निघालेलं हे चिनी जहाज ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं. वळायच्या जागी वळलंच नाही. पाळीवर असलेल्या चीफ मेटला आधीच्या दीड दिवसात जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती, कारण तो माल भरून घेत होता. चौकशीच्या अहवालात हे सगळं लिहिलं आहे. जहाज, खडक, नकाशा, सगळं जिथल्या तिथे होतं.

जहाजावरही नियम आहेतच: चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक सहा तासांचा, आणि आठवड्याला सत्त्याहत्तर. तक्ता रोज भरायचा. "आणि तो बरोबरच भरलेला असतो," मामेभाऊ हसला. जहाजांवरचे हे तक्ते वस्तुस्थितीपेक्षा नियमाला कसे जुळवून घेतले जातात, यावर माल्मोच्या जागतिक सागरी विद्यापीठानं २०२० साली अख्खा अहवाल काढला. भाऊजींनी एक चकली मोडली आणि काही बोलले नाहीत.

मग यंत्रांची गोष्ट निघाली. भाऊजींच्या इंजिनात व्हीसीडी नावाची पेटी असते. साठ सेकंद ड्रायव्हरनं काहीच केलं नाही, हॉर्न नाही, ब्रेक नाही, वेग कमीजास्त नाही, तर दिवा लागतो. आठ सेकंदांनी बझर वाजतो. आणखी आठ सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. जहाजाच्या ब्रिजवरही तशी घंटा असते, पण तिची मुदत तीन मिनिटांपासून बारा मिनिटांपर्यंत ठेवता येते. भाऊजी चाटच पडले. "बारा मिनिटं? अरे, तेवढ्यात मी गोंदियाला पोचून लग्न लावून येईन."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. बारा नॉट वेगानं जहाज बारा मिनिटांत साडेचार किलोमीटरच्या जवळपास जातं, सामुद्रधुनीच्या त्या अरुंद जागेच्या दीडपट. आणि साठच्या वेगानं मालगाडी एका मिनिटात एक किलोमीटर. आमच्याकडच्या ऑटोमॅटिक सिग्नलच्या पट्ट्यात सिग्नलही साधारण किलोमीटरभरावरच असतात. म्हणजे दर मिनिटाला एक सिग्नल, मागे पाच हजार टन, आणि थांबायलाच किलोमीटरभर लागणार.

"पण व्हीसीडीचं एक आहे," भाऊजी थोड्या वेळानं म्हणाले. "बोटाला सवय होऊन जाते. दिवा लागला की बोट जातं. बोट जागं असतं वहिनी, माणूस झोपलेला."

एकदा पहाटे साडेचारच्या सुमारास त्यांचं तसं झालं होतं. सावध करणारा डबल यलो सिग्नल पाहिलेला त्यांना आठवत होता, हात वर करून ओरडून सांगितलेलाही आठवत होता, असिस्टंटनं परत म्हटलेलाही. त्यापुढचा यलो मात्र आठवत नव्हता, थेट होम सिग्नलचा लालच. ब्रेक लागले, गाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली, कोणाला काही कळलंही नाही. मधला तुकडा कुठे गेला ते त्यांना अजून सापडलेलं नाही. "डोळे उघडेच होते," ते म्हणाले. पाच-सात सेकंदांची अशी डुलकी लागते आणि माणसाला पत्ताही नसतो. पहाटे तीन ते पाच ही तिची आवडती वेळ.

इंजिन चालवणाऱ्यांनी १९७३च्या ऑगस्टमध्ये संप केला तो दहा तासांच्या ड्यूटीसाठी. पुढच्या वर्षीचा रेल्वेचा मोठा संप सगळ्यांना आठवतो, हा फारसा कोणाला नाही. तेव्हापासून भांडण तासांचंच आहे, आणि ते असायलाही हवं. आता एका दमात नऊ तास, गरज पडली तर अकरा, सलग चारपेक्षा जास्त रात्री नाहीत, असे आकडे कागदावर आहेत. तास मोजता येतात म्हणून तासांवर भांडता येतं. झोप कुठल्या रकान्यात भरायची?

आमच्याकडे ती जाऊबाईच्या रकान्यात जाते. काळा कागद दरवर्षी उन्हानं पांढरा पडतो, तो तीच बदलते. मुलं तिन्हीत्रिकाळ कुजबुजत बोलतात, इतकी की शाळेत बाई म्हणून मी त्यांना "मोठ्यानं वाच" सांगून दमते. भाऊजी उठल्यावर पहिला चहा आणि वाद दोन्ही तासभर लांबणीवर. घरातल्या अडीअडचणी झोपेआधी सांगायच्या नाहीत, हा नियम कुठल्याही रेल्वेच्या पुस्तकात नाही. माझी सासू वारली तो फोन आला तेव्हा भाऊजी झोपून दीड तास झाला होता आणि रात्री त्यांना निघायचं होतं. जाऊबाई दाराशी पाच मिनिटं उभी राहिली. मग आत जाऊन तिनं त्यांना उठवलं. नंतर मला म्हणाली, "ताई, माझ्या मनात पहिलं हेच आलं, की आणखी थोडं झोपू द्यावं."

मामेभावाला हे सगळं नवलाचं वाटलं. त्याची केबिन इंजिनरूमच्या डोक्यावर, भिंत रात्रंदिवस थरथरते, कधी अलार्म ड्रिल. "माझ्या दाराला कोणी फडकं बांधत नाही," तो म्हणाला. म्हणाला तसं लगेच विषय बदलला.

त्या रात्री साडेबाराला भाऊजींचा फोन वाजला. अडीचला साइन ऑन, गोंदियाची गाडी. दिवाळीच्या गप्पांत संध्याकाळपासून पाठ टेकली नव्हती. जाऊबाईनं गच्चीवर येऊन चकल्यांचा डबा उचलला आणि आम्हा दोघांकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. तिनं पोळ्या भरल्या, ताकाची बाटली भरली. भाऊजी निघाले तेव्हा फाटक उघडताना त्यांनी कडीचं फडकं सोडलं आणि सवयीनं घडी करून खिशात घातलं. सकाळी ते शोधताना आमची धांदल.