जर्मन टॉर्पेडो नौका ‘एस ९०’ : त्सिंगताओच्या वेढ्यातील दोन चकमकी (१९१४)

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाच्या सागरी इतिहासाचे अध्यापन करताना आपले विवेचन बहुधा जटलंडची लढाई, पाणबुड्यांचे युद्ध आणि २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासवर तोफा डागणारी ‘एम्डेन’ एवढ्यावरच थांबते. ज्या बंदरातून एम्डेन बाहेर पडली, त्या त्सिंगताओत मागे राहिलेल्या एका लहान नौकेचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. दुर्बल पक्षाच्या हातातील एखादे प्रभावी शस्त्र युद्धाच्या निकालात कितपत फरक घडवू शकते, हा प्रश्न समजून घेण्यासाठी या नौकेचा इतिहास उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात ‘एस ९०’ या जर्मन टॉर्पेडो नौकेच्या दोन चकमकींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

शस्त्र आणि नौका

रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यातील फ्यूमे येथे स्वयंचलित पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो, तयार केला. तोफगोळा जहाजाच्या वरच्या भागावर आदळतो. पाणतीर जलरेषेखाली आघात करून पाणी आत घेतो. त्यामुळे लहान नौकेलाही मोठी युद्धनौका बुडविणे शक्य झाले. मात्र त्यासाठी शत्रूच्या अगदी निकट जावे लागे, आणि दिवसाउजेडी तसे करणे म्हणजे आत्मनाश होता. म्हणून रात्र हेच या नौकांचे खरे चिलखत ठरले. त्यांना रोखण्यासाठी ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात विनाशिका हा नवा प्रकार विकसित केला. जर्मन आरमाराने मात्र आपल्या मोठ्या, खुल्या समुद्रात वावरणाऱ्या नौकांनाही ‘टॉर्पेडो बोट’ हेच नाव कायम ठेवले. त्यामुळे केवळ नावावरून दोन आरमारांतील नौकांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

एस ९० ही एल्बिंग येथील शिखाऊ कारखान्यात बांधली गेली व १८९९ मध्ये तिचे जलावतरण झाले. सुमारे ६३ मीटर लांबीच्या या नौकेवर ४५ सेंटिमीटर व्यासाच्या तीन पाणतीर-नळ्या आणि ५ सेंटिमीटरच्या तीन तोफा होत्या. १९१४ पर्यंत ती जुनी झाली होती.

पार्श्वभूमी

जर्मनीने १८९८ मध्ये चीनकडून क्याव-चाव उपसागराचा प्रदेश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळविला आणि त्सिंगताओ येथे नाविक तळ उभारला. युद्ध सुरू झाले तेव्हा व्हाइस अॅडमिरल श्पे यांचे मुख्य पथक पॅसिफिक महासागरात होते. बंदरात ‘कैझरिन एलिझाबेथ’ ही ऑस्ट्रिया-हंगेरीची क्रूझर, काही तोफनौका आणि एस ९० एवढेच बळ उरले. १९०२ च्या आंग्ल-जपानी कराराचा आधार घेऊन जपानने १५ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीला निर्वाणीचा खलिता दिला व २३ ऑगस्टला युद्ध पुकारले. लवकरच बंदराची नाकेबंदी सुरू झाली.

पहिली चकमक : ‘केनेट’

जपानने युद्ध पुकारण्याच्या आदल्या दिवशी, २२ ऑगस्ट रोजी, एस ९० ची गाठ ‘केनेट’ या ब्रिटिश विनाशिकेशी पडली. केनेटच्या तोफा अधिक मोठ्या होत्या. त्यामुळे तोफांच्या सरळ द्वंद्वात जर्मन नौकेची बाजू दुबळी होती. तिने किनाऱ्याकडे माघार घेतली. पाठलाग करणारी केनेट किनाऱ्यावरील तोफांच्या टप्प्यात आली व तिला मागे वळावे लागले. या चकमकीत केनेटवर जीवितहानी झाली. येथे पाणतिराचा काहीच उपयोग झाला नाही. दिवसाच्या प्रकाशात टॉर्पेडो नौकेला वाचविले ते किनाऱ्याच्या आश्रयाने.

दुसरी चकमक : ‘ताकाचिहो’

१७ ऑक्टोबरच्या रात्री कॅप्टन-लेफ्टनंट हेल्मुट ब्रुनर यांच्या नेतृत्वाखाली एस ९० अंधारात बंदराबाहेर पडली आणि जपानी गस्तीच्या नजरेतून निसटली. मध्यरात्रीनंतर तिची गाठ ‘ताकाचिहो’ या जपानी क्रूझरशी पडली. ब्रुनर यांनी नौका जवळ नेऊन तीन पाणतीर सोडले. प्रचंड स्फोट होऊन ताकाचिहो बुडाली आणि तिच्यावरील २७१ अधिकारी व खलाशी मृत्युमुखी पडले.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जलावतरण झालेली ही क्रूझर १८९४ च्या यालूच्या आणि १९०४ च्या उल्सानच्या लढाईत सहभागी झाली होती. विशेष म्हणजे फेब्रुवारी १८९५ मध्ये वेइहाइवेइ येथे आणि फेब्रुवारी १९०४ मध्ये पोर्ट आर्थर येथे रात्रीच्या पाणतीर-हल्ल्याचे तंत्र जपानी आरमारानेच यशस्वीपणे वापरले होते. त्याच तंत्राचा आघात आता त्या आरमारावर झाला.

परतीची वाट मात्र एस ९० ला मोकळी नव्हती. ती नैर्ऋत्येकडे गेली. खलाशांनी चिनी किनाऱ्यावर नौका निकामी केली. चीन तेव्हा तटस्थ असल्याने त्यांना नानकिंग येथे स्थानबद्ध करण्यात आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाणतिराची परिणामकारकता अंधार, अनपेक्षितता आणि निकटता यांवर अवलंबून होती. या अटी नसताना तीच नौका हतबल होती. दुसरी, डावपेचातील यश म्हणजे युद्धातील यश नव्हे. एक क्रूझर गमावूनही जपानी वेढा सैल झाला नाही. ३१ ऑक्टोबरला जमिनीवरून निर्णायक तोफमारा सुरू झाला आणि ७ नोव्हेंबर १९१४ रोजी त्सिंगताओ शरण आले. या वेढ्यात ब्रिटिश तुकडीबरोबर ३६ व्या शीख पलटणीचे भारतीय सैनिकही होते, हे आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे.

तिसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. ज्या भूमीसाठी आणि ज्या पाण्यात हा संघर्ष झाला, ती चीनची होती. पण दोन्ही पक्षांनी चीनचे मत विचारात घेतले नाही. १९१९ च्या व्हर्साय तहाने शांतुंगमधील जर्मन हक्क जपानला दिले आणि त्या असंतोषातून ४ मे १९१९ चे चिनी विद्यार्थी आंदोलन उभे राहिले. १९२२ मध्ये हा प्रदेश चीनला परत मिळाला. म्हणून एस ९० च्या धाडसाचे वर्णन करताना बुडालेल्या २७१ माणसांचा आणि त्या किनाऱ्याच्या खऱ्या मालकाचा विसर पडू न देणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.