कर्करोगाची जखम आणि घरची शुश्रूषा



रुग्णांना पवित्र कम्युनियन देण्याकरिता घरोघरी जाताना एक गोष्ट आमच्या वारंवार दृष्टीस पडते. घरातील सर्व माणसे पडवीत बसलेली असतात आणि कर्करोगाने जर्जर झालेली आई मात्र मागीलदारच्या खोलीत, दार लोटून, एकटी पडलेली असते. तिला तेथे कोणी टाकलेले नसते; जखमेच्या दुर्गंधीची लाज वाटून ती स्वतःच तेथे गेलेली असते. नातवंडांना ती जवळ येऊ देत नाही आणि आम्हांलाही “फादर, दारातूनच आशीर्वाद द्या” असे म्हणते. हे दुःख रोगाच्या दुःखाहून लहान नाही, आणि ते बरेचसे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हा लेख.

कर्करोगाची गाठ वाढत जाऊन कातडी फोडते, तेव्हा ही जखम होते. स्तनाच्या व तोंडाच्या कर्करोगात ती विशेष आढळते. गाठीच्या काही भागास रक्त पोचत नाही, तो भाग मृत होतो आणि त्या मृत मांसात हवेवाचून जगणारे जंतू माजतात. दुर्गंधी येते ती या जंतूंमुळे. रुग्णाच्या पापामुळे नव्हे. कर्करोग स्पर्शजन्यही नाही. रुग्णाशेजारी बसल्याने, त्याचे ताट घासल्याने वा त्याचा हात हाती घेतल्याने तो कोणास होत नाही.

अशी जखम दिसताच प्रथम डॉक्टरांस दाखवावे. लाजेपायी दडवू नये. रोग पुढे गेला असेल तर जखम बहुधा भरून येत नाही. परंतु जखम भरत नाही म्हणजे करण्यासारखे काहीच उरले नाही, असा अर्थ कोणी काढू नये. दुर्गंधी, स्राव, रक्तस्राव आणि वेदना ही चारही पुष्कळ अंशी आवरता येतात.

पट्टी रोज बदलावी. स्राव अधिक असल्यास दोनदा. प्रथम साबणाने हात स्वच्छ धुवावेत. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे व ते कोमट होऊ द्यावे. जुनी पट्टी कोरडी ओढून काढू नये. त्याच पाण्याने भिजवून हलके सोडवावी, म्हणजे दुखत नाही व रक्त येत नाही. जखम चोळू नये, वरून पाणी ओतून धुवावी. स्पिरिट, हळद, चुना, शेण यांपैकी काहीही तीवर घालू नये. भोवतालच्या कातडीस व्हॅसलीन लावावे, म्हणजे स्रावाने ती सोलवटत नाही. पट्टीकरिता जुन्या मऊ सुती लुगड्याचे तुकडे चालतात; मात्र ते धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवलेले असावेत.

दुर्गंधीवर मेट्रोनिडाझोल नावाचे स्वस्त औषध आहे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या गोळ्यांची बारीक पूड धुतलेल्या जखमेवर भुरभुरतात. बहुधा आठवड्याच्या आत फरक जाणवतो. खोलीची खिडकी उघडी ठेवावी, मात्र जखमेवर माशी बसू देऊ नये, कारण त्यातूनच अळ्या होतात. अळ्या दिसल्या तर घाबरून न जाता परिचारिकेस बोलवावे. अत्तर व उदबत्तीने दुर्गंधी जात नाही, उलट रुग्णास मळमळते.

रक्त येऊ लागल्यास स्वच्छ ओल्या कापडाने दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरावे व डॉक्टरांस कळवावे. अशा घरी गडद रंगाचा टॉवेल जवळ ठेवावा. पांढऱ्या कापडावरील रक्त पाहून रुग्ण अधिक भितो.

वेदनेसाठी मॉर्फिनची गोळी असते. डॉक्टरांनी दिली असल्यास पट्टी बदलण्यापूर्वी अर्धा तास ती द्यावी. “व्यसन लागेल” या भयाने कित्येक घरी ती फडताळात पडून राहते. हे भय अनाठायी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेली मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. तिने मलावरोध होतो, म्हणून सोबत रेचक मागून घ्यावे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध रुग्णांपर्यंत पोचण्याची वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे.

या सेवेचा एक थोर आदर्श ख्रिस्तसभेत आहे. रोझ हॉथॉर्न या अमेरिकन लेखक नथॅनियल हॉथॉर्न यांच्या कन्या. १८९१ साली त्या कॅथलिक झाल्या. त्या काळी कर्करोग संसर्गजन्य आहे असे पुष्कळांना वाटे व गरीब रुग्णास कोणी घरात ठेवीत नसे. १८९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रोझबाई न्यूयॉर्कच्या कर्करोग रुग्णालयात जखमा धुण्यास व बांधण्यास शिकल्या आणि गरिबांच्या वस्तीत खोल्या घेऊन राहिल्या. १९०० साली त्या डॉमिनिकन धर्मभगिनी झाल्या. त्यांनी स्थापिलेला संघ आजही गरीब कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की त्यांनी प्रथम काम शिकून घेतले. नुसती कणव पुरत नाही; भल्या शोमरोन्यानेही जखमा आधी बांधल्या, मग पुढची व्यवस्था पाहिली.

आपल्याकडेही मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ उभे राहिले. मरणासन्न कर्करुग्णांसाठी देशातील ही पहिली संस्था. गोव्यात लोटली येथेही तिचे सदन आहे. घरी शुश्रूषा अशक्यच झाली तर अशा ठिकाणी रुग्णास नेण्यात कमीपणा नाही.

रुग्णाभ्यंग हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेचा नव्हे. रुग्ण शुद्धीवर असताना, बोलू शकत असताना फादरांना बोलवावे. जखम धुऊन, स्वच्छ पट्टी बांधून, रुग्णाचे अंथरूण पुढच्या खोलीत आणावे आणि संध्याकाळची रोझरी तिथेच म्हणावी.

आपल्या धर्मग्रामातील भगिनींना आमची एक विनंती आहे. घरातील जुनी सुती लुगडी व धोतरे टाकून देऊ नका. ती धुऊन चर्चच्या ऑफिसात आणून द्या. ज्या घरी गरज आहे तेथे ती पोचविली जातील. आणि कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर आम्हांस निःसंकोच कळवा.