कपाशीच्या पानामागची शाळा

मुलांना कीटक शिकवायला महागडं किट कशाला? शिंदखेड्याकडचं कपाशीचं शेत, एक साधं भिंग आणि चार दिवसांची रजा... एवढं पुरे!

लंच टेबलवर हल्ली एखादा तरी कलीग निघतोच, 'आम्ही मुलीला शाळेत घातलंच नाही' असं सांगणारा. मग प्रश्नांची सरबत्ती. परीक्षेचं काय? मित्र कुठून आणणार? त्याची उत्तरं तयार असतात. दहावी एनआयओएसमधून देता येते, मित्र सोसायटीत आहेतच. गाडी अडते ती सायन्सपाशी. गणित डायनिंग टेबलवर होतं, मराठी आजी बघते, पण कीटकांचं काय करायचं? मग ऑनलाइन ऑर्डर करून रेझिनमध्ये गोठवलेले भुंगे मागवले जातात. दिसतात झकास. पण तो भुंगा काही खात नाही, अंडी घालत नाही, कुणाचं वाटोळंही करत नाही. त्याच्याकडून शिकायचं तरी काय?

तुमचं सासर किंवा माहेर खान्देशात असेल, तर तुम्ही लकी आहात. धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा तालुका घ्या. उत्तरेला तापी, मधून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे लाइन आणि पावसाळ्यात जिकडे तिकडे कपाशी. इथे 'हा किडा कुठला?' हा प्रश्न जनरल नॉलेजचा नसतो, घरातल्या वर्षभराच्या पैशांचा असतो. म्हणूनच इथे मूल जे शिकतं ते पक्कं बसतं, असं आपलं माझं मत.

जायचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सकाळी लवकर, फुल बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून, आणि शेत ज्यांचं आहे त्या आबांना किंवा काकांना सोबत घेऊन. बांधावर उभं राहून काही दिसत नाही. पान उलटं करायचं. खालच्या बाजूला मावा चिकटलेला असतो, तिरके पळणारे तुडतुडे असतात, झाड हलवलं की पांढरी माशी उडते. फुलकिडे इतके बारीक, की तिथे भिंग लागतंच. माव्याभोवती मुंग्यांची ये-जा दिसली, तर मुलाला नुसतं बघू द्या. मावा पानाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. अगदी गवळ्याने गाई राखाव्यात तशी!

त्याच पानावर एखादा काळा, नारिंगी ठिपक्यांचा, लांबुळका प्राणी सापडेल. छोटी मगरच जणू. बघताक्षणी वाटतं, हाच खरा व्हिलन. प्रत्यक्षात ते लेडीबर्ड बीटलचं, म्हणजे ढालकिड्याचं पिल्लू असतं आणि मावा हेच त्याचं जेवण. हे सांगून टाकू नका. काचेच्या बरणीत माव्याने भरलेलं पान ठेवा, मावा मोजा, एक 'मगर' आत सोडा आणि तोंडाला सुती कापड बांधा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तशाच दुसऱ्या बरणीत मगर न सोडता नुसतं पान ठेवायला विसरू नका. नाहीतर मावा खाल्ला गेला की आपोआप मेला, हे कळणार कसं?

आयडिया शेतकऱ्यांचीच

हा खेळ काही होमस्कूलिंगवाल्यांनी शोधलेला नाही. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता. फवारणीने कोळी आणि इतर शिकारी किडे मरत होते आणि तुडतुडे आणखी माजत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी आणली आणि १९८९ पासून एफएओच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. लेक्चर नाही, फळा नाही. शेतकरी बांधावर बसून किडे पकडायचे, पिंजऱ्यात ठेवायचे आणि कोण कुणाला खातं ते स्वतः बघायचे. आपलं कृषी खातंही शेतीशाळा घेतं. गावात एखादी चालू असेल, तर मुलाला घेऊन मागे जाऊन बसा. कुणी नाही म्हणणार नाही.

आता कपाशीचा खरा डॉन, गुलाबी बोंडअळी. २००२ मध्ये भारतात बीटी कापूस आला तो बोंडअळ्यांना रोखायला. पुढे ही अळी त्याला सरावली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. बाहेरून ती दिसत नाही. कोवळ्या बोंडात शिरली की छिद्र बुजून जातं. फुलात असेल तर पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. डोमकळ्या शोधायचं काम मुलांना द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

मग गणिताचा तास. एकरातून २० हिरवी बोंडं तोडायची (आधी आबांना विचारून, ते पैसे आहेत त्यांचे!), मोठ्यांनी सुरीने कापायची आणि मुलाने आत अळी किंवा तिची विष्ठा शोधायची. २० पैकी २ बोंडं किडकी म्हणजे १० टक्के. ही फवारणीचा विचार करायची रेषा. दुसरी रेषा कामगंध सापळ्याची. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, म्हणून नर पतंग अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले, तर सावध व्हायचं. टक्केवारी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या मुलाला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

कारण रेषेच्या अलीकडे मारलेला प्रत्येक फवारा म्हणजे वाया गेलेले पैसे आणि मेलेले ढालकिडे. शिवाय माणसंही आहेत. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगावं. आणि आपणही पाळावं. फवारलेल्या शेतात पोरांना न्यायचं नाही, म्हणजे नाही. शेवटची फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे.

परत आल्यावर

रजा संपली, बॉसचा फोन आला, तरी अभ्यास थांबत नाही. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार घरीच, सावत्र वडिलांकडे चित्रकला शिकली. १६६० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळून त्यांची वाढ बघायला सुरुवात केली. पुढे किड्यांची चित्रं काढायला थेट सुरिनामला पोचली! आपल्याला बाल्कनी पुरते. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली, तर झटकू नका, ते फुलपाखरू आहे. रस्त्याकडेच्या रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी मिळाली, तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. तिला रोज रुईचं ताजं पान लागतं. पान तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बरणीत एक काडी तिरकी ठेवा, अळी तिथेच उलटी लटकेल आणि कोष होईल. रोज एक चित्र, खाली तारीख. साधारण आठवडा-दहा दिवसांनी कोषातून आतले पंख दिसायला लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग पुढे ढकला.