अँजिओग्राफीला कोरडं जाऊ नका

वैशाखात जत किंवा माणमधून अँजिओग्राफीसाठी मिरजेला, कराडला निघालेला पेशंट कसा असतो? रात्रीपासून उपाशी, पाण्याचा घोटही नाही, पहाटेची एसटी. वर साखरेचा जुना आजार आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. टेबलावर जाण्याआधीच त्याच्या किडनीवर ताण आलेला असतो.

हृदयाच्या रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त डाय सोडतात. तो लघवीवाटे बाहेर टाकायचं काम किडनीचं. डायमुळे किडनीच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा आक्रसतो. तिथे ऑक्सिजन मुळातच कमी. अंगात पाणी नसेल तर डाय बारीक नलिकांमध्ये दाट होऊन रेंगाळतो आणि पेशींना इजा करतो. वेदनाशामक गोळीनं रक्तपुरवठा आणखी घटतो. किडनी धडधाकट असेल तर हा धोका फार कमी. आधीच अधू असेल, सोबत मधुमेह असेल, तर बराच जास्त.

म्हणून आधी क्रिएटिनिन तपासायचं आणि त्यावरून किडनीची क्षमता काढायची. क्षमता कमी असेल तर शिरेतून सलाईन देतात. वजनाच्या दर किलोमागे तासाला एक मिलिलिटर हे जुनं प्रमाण. हृदय कमजोर असलेल्याला मात्र बेतानंच, नाहीतर छातीत पाणी साठतं. डायही शक्य तितका कमी वापरायचा: हृदयाचं पंपिंग इकोत कळलेलं असेल तर त्यासाठी पुन्हा डाय कशाला? वेगळी औषधं शोधण्यात अर्थ नाही. सुमारे ५,००० रुग्णांवरच्या ‘प्रिझर्व्ह’ अभ्यासात (२०१८) अॅसिटिलसिस्टीन आणि सोडिअम बायकार्बोनेट, दोन्हींचा जादा फायदा दिसला नाही. साधं सलाईनच पुरेसं ठरलं.

घरच्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: पाणी किती वाजेपर्यंत चालेल? मधुमेहाची मेटफॉर्मिन कधी थांबवायची? दुखण्याची गोळी चालू असल्याचंही सांगावं. ते कुणी आपणहून विचारेल याची वाट पाहू नये. हार्ट अटॅक आलेला असेल तर मात्र या तयारीपायी अँजिओग्राफी लांबवू नये. तिथे जीव आधी.

माझ्या मते खरी गफलत नंतर होते. क्रिएटिनिन वाढायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. लघवी कमी झाली नाही, त्रास नाही, म्हणून कुणी तपासत नाही. धोका असलेल्यांनी ४८ ते ७२ तासांत ही चाचणी पुन्हा करावीच. त्यासाठी मिरजेला परतायचं कारण नाही; तालुक्याच्या लॅबमध्ये ती होते, रिपोर्ट फोनवर डॉक्टरांना पाठवता येतो.