काठी कोणाची, माप कोणाचे?

अर्धांगवायूतून सावरलेल्या एका आजींच्या उजव्या हाताची पकड कमजोर झाली होती. मी मोठ्या उत्साहाने चमच्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्यांना जाड मुठीचा चमचा करून दिला. मूठ जाड असली की दुबळ्या बोटांना धरणे सोपे जाते, हे शास्त्र खरेच आहे. महिन्याने त्यांच्या घरी गेलो, तर चमचा फळीवर तसाच पडलेला! आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जेवणाचं डाव्या हातानं भागतं हो. मला भाकरी थापायची आहे, पण परात पळते."

मी हात तपासला होता; आजींना काय करायचे आहे, हे विचारलेच नव्हते.

मग गावातल्या सुताराला बोलावले. बुटक्या टेबलावर परातीच्या कडेने चार खुंट्या ठोकल्या. एक खुंटी कोपराला लागू लागली, ती आजींनीच सरकवून घेतली. परातीखाली ओले फडके घातले. आता त्या डाव्या हाताने पीठ मळतात, भाकरी थापतात. तव्याचे काम सून करते, कारण आजींच्या उजव्या हाताला चटका कळत नाही. "वाढतील ते खायचं" असे म्हणणाऱ्या आजी आता सुनेला पिठातले पाणी किती ते सांगतात.

ही गोष्ट नवी नाही. जयपूर फूट आपण सारे जाणतो. त्या वेळी मिळणाऱ्या परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, शेतात अनवाणी चालणे जमत नसे. ही अडचण ओळखून 1968 च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, वाकणारा पाय घडवला.

घरी साधन करताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1. कोणते काम अडते, हे प्रथम त्या व्यक्तीलाच विचारावे.

2. माप अंगावर घ्यावे. नेहमीची पादत्राणे घालून, हात सरळ सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. टोकाला रबरी बूच हवेच.

3. कुबडी आणि काख यांत दोन-तीन बोटे अंतर ठेवावे व भार हातांवर घ्यावा. काखेत भार दिल्यास तेथील मज्जातंतू दबून हात लुळा पडू शकतो.

4. आठ दिवस वापरून पाहावे, मग दुरुस्ती करावी. पहिला नमुना क्वचितच बरोबर येतो.

मधुमेह, कुष्ठरोग किंवा अर्धांगवायूमुळे जेथे बधिरता आहे, तेथे विशेष जपावे. वापरानंतर त्वचेवर उठलेला लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर साधन बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. कृत्रिम पाय किंवा कॅलिपर मात्र घरी करू नये. ते तज्ज्ञाचेच काम आहे.

आपल्या घरी एखादी काठी किंवा कुबडी कोपऱ्यात धूळ खात पडली असेल, तर रुग्णाला हट्टी म्हणू नका. त्यांच्याजवळ बसून विचारा, "हिचं नेमकं काय चुकतं?" उत्तर त्यांच्याकडे नक्की असते.